शॉवर दरवाजाची बसवणी

शॉवर दरवाजाची बसवणी म्हणजे न्हाणीघरातील अंघोळीची ओली जागा उरलेल्या कोरड्या जागेपासून वेगळी करण्यासाठी काचेचा दरवाजा भिंतीवर किंवा भिंतीलगतच्या चौकटीत बसवण्याचे काम होय. काच कारखान्यातून सपाट व काटकोनी येते. लाद्या लावलेली भिंत मात्र बहुधा पूर्णपणे ओळंब्यात नसते. या दोहोंमधील फरक मोजून तो योग्य ठिकाणी सामावून घेणे हे या कामातील मुख्य कौशल्य आहे. कडक केलेली काच नंतर कापता किंवा भोक पाडून दुरुस्त करता येत नसल्यामुळे मोजमापातील चूक बहुतेक वेळा भरून निघत नाही. अतिपावसाच्या कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा यांसारख्या गावांतील जुन्या-नव्या घरांत, भिंतीच्या दोषांबरोबर ओलाव्याचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

कोकणातील पारंपरिक घरात न्हाणी घराच्या मागील अंगास, विहिरीच्या किंवा परसाच्या बाजूला असे. बंबात किंवा चुलीवर तापवलेले पाणी घंगाळात किंवा बादलीत घेऊन तांब्याने अंघोळ केली जाई आणि सांडपाणी उघड्या पाटाने अळू, केळी किंवा माडाच्या बुंध्याशी सोडले जाई. संपूर्ण न्हाणी ओली होणे अपेक्षितच असल्याने ओली आणि कोरडी अशी विभागणी करण्याची गरज नव्हती.

सदनिकांमध्ये शौचकूप, हात धुण्याचे भांडे आणि अंघोळीची जागा एकाच खोलीत आली, तेव्हा ही गरज निर्माण झाली. ओल्या फरशीवर पाय घसरणे, लाकडी चौकटी व कपाटे कुजणे आणि लगतच्या खोलीच्या भिंतीत ओल उतरणे हे त्यातून उद्भवणारे नेहमीचे त्रास आहेत. सुरुवातीस प्लास्टिकच्या पडद्याने आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीतील पत्र्याने किंवा काचेने ही विभागणी होऊ लागली. चौकटीविना केवळ बिजागऱ्यांवर उभा राहणारा जाड काचेचा दरवाजा हा त्यानंतरचा प्रकार आहे.

काचेचे गुणधर्म

आजची सपाट काच प्रामुख्याने फ्लोट पद्धतीने तयार होते. वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगत ठेवून तिचा सलग पट्टा बनवण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी विकसित केली व १९५९ मध्ये ती जाहीर करण्यात आली. रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ तळोजा येथे फ्लोट काचेचा कारखाना आहे. या पद्धतीने तयार झालेल्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग घासल्याविना सपाट व समांतर असतात. त्यामुळे सरळ काचेशेजारी भिंतीचा लहानसा कलही डोळ्यांना चटकन जाणवतो.

शॉवरच्या दरवाजासाठी साधी काच वापरणे धोक्याचे असते, कारण ती फुटल्यास लांब व धारदार तुकडे होतात. त्याऐवजी टफन्ड या नावाने ओळखली जाणारी कडक काच वापरतात. काच ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी वेगाने थंड केली जाते. बाहेरचे थर आधी घट्ट होतात आणि आतील भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि आत ताण असा कायमचा समतोल निर्माण होतो. अशी काच साध्या काचेच्या सुमारे चार ते पाच पट भार सोसते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट कण होतात. तापलेली काच तेलात थंड करून तिला कडक करण्याची पद्धत फ्रान्समधील आल्फ्रेड द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये शोधली होती.

हाच समतोल काचेच्या मर्यादेचेही कारण आहे. कडक केलेल्या काचेची कड कापली किंवा तीत भोक पाडले, तर अडकून राहिलेला ताण मोकळा होतो आणि संपूर्ण काच एकदम फुटते. म्हणून लांबी, रुंदी, बिजागऱ्यांच्या खाचा आणि मुठीची भोके हे सर्व काच भट्टीत जाण्यापूर्वीच ठरवावे लागते.

काचेची घनता घनमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. त्यानुसार ८ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला २० किलोग्रॅम भरते. ७०० मिलिमीटर रुंद व १,९०० मिलिमीटर उंच असा ८ मिलिमीटर जाडीचा दरवाजा सुमारे २६.६ किलोग्रॅमचा, तर १० मिलिमीटर जाडीचा सुमारे ३३ किलोग्रॅमचा होतो. चौकट नसलेल्या दरवाजात हे सारे वजन दोन बिजागऱ्यांमार्फत भिंतीतील काही स्क्रूंवर येते.

भिंतीतील दोष

लाद्यांच्या भिंतीत पुढील दोष आढळतात :

• कल : भिंत वरच्या किंवा खालच्या बाजूस आत अथवा बाहेर झुकलेली असणे, म्हणजेच ती ओळंब्यात नसणे.
• पोट : भिंतीचा मधला भाग फुगलेला असणे. याच्या उलट दोष खोलगटपणाचा.
• गुण्यात नसणे : दोन भिंतींमधील कोन काटकोन नसणे.
• लाद्यांची कड वर-खाली होणे : शेजारच्या दोन लाद्यांचे पृष्ठभाग एका पातळीत नसणे.
• पोकळ लादी : लादीमागे मसाला पूर्ण न भरल्याने मागे हवेची जागा राहणे. बोटाने किंवा मुठीने ठोकल्यास अशी लादी बद्द आवाज करते.

हे दोष क्रमाक्रमाने साठत जातात. विटांच्या कामात राहिलेला कल गिलाव्याच्या जाडीने झाकला जातो. गिलाव्यात राहिलेला कल लाद्यांच्या मसाल्याने आणि लाद्यांमधील कल अखेर दर्जा भरून झाकला जातो. गवंडी, गिलावा करणारा आणि लादी बसवणारा या तिघांकडेही पुढच्या थरात चूक लपवण्यास थोडी जागा असते. शेवटी येणाऱ्या काच बसवणाऱ्याकडे मात्र ती जागा नसते. यामुळे आधीच्या सर्व कामांतील उणीव दरवाजापाशी उघड होते आणि तिचा दोष बहुधा दरवाजाला दिला जातो.

भिंत सरळ करण्याची सर्वांत स्वस्त वेळ लाद्या लावण्यापूर्वीची असते. ज्या भिंतीवर दरवाजा येणार आहे ती गिलावा ओला असतानाच ओळंबा व लांब सरळ पट्टी लावून तपासली, तर नंतरचा बराचसा खर्च टळतो.

पेण व रोहा परिसरातील बांधकाम

पेण हे भोगावती नदीकाठी, तर रोहा हे कुंडलिका नदीकाठी वसलेले आहे. दोन्ही गावे रेल्वेने जोडलेली असून कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो. पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद प्रकल्प आणि रोहा तालुक्यातील धाटाव व नागोठणे येथील उद्योग यांमुळे या पट्ट्यात जुन्या घरांबरोबर सदनिकांच्या इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे काच बसवणाऱ्याला येथे एकमेकींहून अगदी वेगळ्या भिंतींवर काम करावे लागते.

जुन्या घरांच्या भिंती काळा दगड, जांभा किंवा भाजलेल्या विटा यांच्या असून त्या जाड आणि चुन्याच्या किंवा मातीच्या मसाल्यात रचलेल्या असतात. घडीव नसलेल्या दगडाच्या भिंतीत गिलाव्याची जाडी जागोजागी बदलते. लाद्यांच्या मागे कोठे दगड, कोठे नुसता मसाला लागतो. जांभा सच्छिद्र व तुलनेने मऊ असल्याने त्यात प्लास्टिकची साधी गिट्टी घट्ट धरत नाही. अशा भिंतीत अधिक लांबीची गिट्टी किंवा रासायनिक चिकटद्रव्याने बसणारा बोल्ट वापरणे सुरक्षित असते.

नव्या इमारतींत काँक्रीटच्या सांगाड्यामध्ये विटा किंवा हलके सिमेंट ठोकळे भरलेले असतात. काँक्रीटचा खांब आणि वीट यांच्या सांध्यावर गिलाव्याला चीर पडण्याची शक्यता असल्याने बिजागरी शक्यतो त्या रेषेवर घेत नाहीत. हलक्या ठोकळ्यांसाठी त्यांच्याकरिता बनवलेली वेगळी गिट्टी लागते.

पेण तालुक्याचा पश्चिम भाग धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात मोडतो. खाडीकाठच्या मऊ चिखलमातीवर पाया पुरेसा भक्कम नसल्यास इमारत असमान खचते आणि मूळची सरळ भिंतही काही वर्षांत कलते. अशा जागी दरवाजा बसवण्यापूर्वी भिंतीवरील तिरप्या चिरा पाहणे आवश्यक असते. चीर वाढत असेल, तर आज अचूक बसवलेला दरवाजाही पुढे घासू लागतो.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या काळात गिलावा व दर्जा सावकाश वाळतात. ओल्या सांध्यावर लावलेले सिलिकॉन नीट चिकटत नाही. म्हणून पावसाळ्यात मोजमाप घेण्यास हरकत नसली, तरी सांधे भरण्यापूर्वी जागा पूर्ण कोरडी होऊ देणे गरजेचे असते. खाडीकडील खाऱ्या हवेत धातूचे भाग लवकर डागाळतात. तेथे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील अधिक टिकते.

मोजणी

मोजणी लाद्या लावून दर्जा भरून झाल्यानंतर, प्रत्यक्ष पृष्ठभागावरूनच करतात. आराखड्यातील माप किंवा विटांच्या भिंतीचे माप ग्राह्य धरले जात नाही. टेप, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, गुण्या आणि सुमारे दोन मीटर लांबीची सरळ पट्टी एवढी साधने पुरेशी आहेत. लेझर लेव्हलने काम लवकर होते, परंतु ओळंब्याने घेतलेले माप तितकेच विश्वसनीय असते.

दोन भिंतींमधील अंतर तळाशी, मध्यावर आणि वर अशा किमान तीन ठिकाणी घेतात. परंतु केवळ अंतर पुरेसे नसते. दोन्ही भिंती एकाच दिशेने सारख्याच कलल्या असतील, तर तिन्ही मापे समान येतात आणि तरीही एकही भिंत ओळंब्यात नसते. म्हणून प्रत्येक भिंतीजवळ ओळंबा सोडून दोरीपासून भिंतीचे अंतर वेगळे नोंदवावे लागते.

उदाहरणादाखल, जमिनीपासून २००, १,००० आणि १,८०० मिलिमीटर उंचीवर घेतलेली पुढील मापे पाहता येतील :

• दोन भिंतींमधील अंतर : तळाशी ९०५, मध्यावर ८९८, वर ८९२ मिलिमीटर.
• डाव्या भिंतीपासून ओळंब्याच्या दोरीचे अंतर : तळाशी ५०, मध्यावर ५०, वर ५१ मिलिमीटर.

अंतरात एकूण १३ मिलिमीटरचा फरक आहे. डावी भिंत वर जाताना केवळ १ मिलिमीटर बाहेर गेली आहे, म्हणजे ती जवळजवळ ओळंब्यात आहे. उजवी भिंत मात्र वर जाताना १४ मिलिमीटर आत आली आहे. हा कल १,६०० मिलिमीटर उंचीतील आहे. १,९०० मिलिमीटर उंचीच्या चौकटीसाठी तो सुमारे १७ मिलिमीटर होतो.

यावरून तीन निर्णय घेता येतात. दरवाजाची रुंदी सर्वांत कमी अंतराच्या, म्हणजे चौकटीच्या माथ्याजवळील मापाच्या आधारे ठरते. बिजागऱ्या डाव्या भिंतीवर येतात. उजव्या बाजूस किमान १७ मिलिमीटर फरक सामावणारी पट्टी लागते, म्हणजे १५ मिलिमीटर जुळवणीची पट्टी पुरत नाही आणि २० मिलिमीटरची पुरते.

दरवाजाचे प्रकार व निवड

चौकटीचा दरवाजा : यात ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी भिंतीला लावतात व तिच्यात दुसरी पट्टी सरकवून बसवतात. पहिली पट्टी भिंतीच्या कलाप्रमाणे राहते, दुसरी ओळंब्यात उभी केली जाते आणि दोहोंमधील फरक खाचेत झाकला जातो. काच साधारणतः ६ मिलिमीटर जाडीची असते. असमान भिंतीसाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे.

चौकट नसलेला दरवाजा : ८ किंवा १० मिलिमीटर जाडीची काच थेट बिजागऱ्यांवर टांगलेली असते. यात जुळवणीला वाव फार कमी असतो. साधारण ५ ते ६ मिलिमीटरपर्यंतची फट पारदर्शक पट्टीने किंवा सिलिकॉनने झाकता येते. फरक त्याहून अधिक असल्यास भिंतीलगतची स्थिर काच भिंतीच्या कलानुसार तिरपी कापून घेतात आणि दरवाजा त्या स्थिर काचेवर बिजागऱ्यांनी लावतात. त्यामुळे तिरपेपणा स्थिर काचेत राहतो आणि हलणारा भाग काटकोनी राहतो.

सरकता दरवाजा : जागा अपुरी असल्यास उपयोगी. वरची दांडी समपातळीत असणे अत्यावश्यक असते. भिंतीचा कल कडेच्या स्थिर काचेत घेता येतो.

तिन्ही प्रकारांत तत्त्व एकच आहे. हलणारी काच ओळंब्यानुसार आणि स्थिर भाग भिंतीनुसार ठेवला जातो. बिजागऱ्यांचा अक्ष भिंतीप्रमाणे कललेला राहिला, तर दरवाजा आपल्या वजनाने सर्वांत खालच्या स्थितीकडे सरकतो, म्हणजे आपोआप उघडतो किंवा मिटतो, आणि एका बिजागरीवर अधिक ताण येतो.

बसवण्याची पद्धत

प्रथम बिजागऱ्यांची किंवा पट्टीची उभी रेषा ओळंब्याने आखतात. त्या रेषेवरील लाद्या ठोकून पोकळ आहेत का ते पाहतात. पोकळ लादीवर वजन येणार असेल, तर ती काढून पुन्हा पूर्ण मसाल्यावर बसवणे हाच योग्य उपाय आहे. स्क्रू आवळताना अशी लादी मध्येच तडकते.

भोक पाडताना लादीवर चिकटपट्टी लावतात, जेणेकरून ड्रिलचे टोक घसरत नाही. लादीचा थर पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवतात. गिट्टी लादीच्या पलीकडे, भिंतीच्या मूळ बांधकामात रुतलेली असावी लागते. ती लादीच्या जाडीतच राहिली, तर स्क्रू आवळताना फुगून लादी फोडते. भोक लादीच्या कडेपासून दूर घेतात. भोकातील भुकटी काढून गिट्टीभोवती सिलिकॉन भरल्यास स्क्रूच्या वाटेने पाणी भिंतीत शिरत नाही.

बिजागरी व भिंत यांमध्ये पोकळी राहत असेल, तर तेथे कठीण प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पातळ चकत्या घालून बिजागरी ओळंब्यात आणतात. लाकडाची किंवा पुठ्ठ्याची पाचर वापरत नाहीत, कारण ती पाण्याने फुगते व नंतर कुजते. पोकळी तशीच ठेवून स्क्रू जोराने आवळणे हे लादी तडकण्याचे व बिजागरी वाकण्याचे नेहमीचे कारण आहे.

काच किमान दोन माणसांनी उचलावी लागते. ती लादीवर किंवा धातूवर थेट टेकवत नाहीत, खाली लाकडी फळी किंवा रबर ठेवतात. बिजागरीच्या दोन्ही बाजूंस काचेलगत रबरी किंवा तंतूंची पट्टी असणे आवश्यक असते. दरवाजा टांगल्यावर चारही बाजूंच्या फटी सारख्या करून मगच स्क्रू पूर्ण आवळतात.

सांधे भरण्यासाठी आम्ल न सोडणारे, बुरशीरोधक सिलिकॉन वापरतात. चौकटीच्या दरवाजात सिलिकॉन सामान्यतः केवळ बाहेरील बाजूस लावले जाते. आतील बाजू मोकळी राहिल्यास पट्टीत शिरलेले पाणी पुन्हा ओल्या भागातच उतरते. दोन्ही बाजू बंद केल्यास ते आत अडकून बुरशी धरते. सिलिकॉन पक्के होण्यासाठी किमान २४ तास, दमट हवामानात शक्य असल्यास त्याहून अधिक काळ, शॉवर वापरत नाहीत.

जमिनीचा उतार व उंबरा

न्हाणीघराच्या जमिनीला नहाणी ट्रॅपकडे उतार दिलेला असतो. हा उतार ८० ला १ या प्रमाणात असेल, तर ६०० मिलिमीटर रुंदीच्या दरवाजाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.५ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. बाहेरील जमीन आतल्यापेक्षा चढती असल्याने बाहेर उघडणारा दरवाजा चढावर घासण्याची शक्यता असते. त्यामुळे मिटलेल्या स्थितीतील फट मोजून भागत नाही. दरवाजाचे टोक ज्या कमानीतून फिरते त्या संपूर्ण कमानीखालची जमीन तपासावी लागते.

यावर रूढ उपाय म्हणजे दरवाजाखाली ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची अरुंद पट्टी उंबरा म्हणून बसवणे. ही पट्टी लांबीत समपातळीत आणि रुंदीत किंचित आतल्या बाजूस उतरती असते. काचेच्या खालच्या कडेची रबरी पट्टी तिच्यावर टेकते आणि पाणी आत वळते. वृद्ध व्यक्ती किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती घरात असल्यास उंबरा अडथळा ठरतो. अशा वेळी उंबऱ्याऐवजी जमिनीला अधिक उतार व लांबट जाळी दिली जाते.

सुरक्षितता

भारतात इमारतींतील सुरक्षित काचेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. २५५३ (भाग १) हे मानक आहे. प्रमाणित कडक काचेच्या कोपऱ्यात तसा न पुसला जाणारा ठसा असतो. बसवण्यापूर्वी तो पाहणे हा काच कडक असल्याची खातरजमा करण्याचा सोपा मार्ग आहे.

कडक काचेची मधली बाजू भक्कम, परंतु कड नाजूक असते. कडेवर लादीचा किंवा धातूचा ठोका बसल्यास ती तत्काळ किंवा काही काळाने फुटू शकते. क्वचित प्रसंगी काचेतील निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांमुळे ती कोणताही आघात नसताना फुटते. हा धोका कमी करण्यासाठी काही कारखाने काच पुन्हा तापवून सदोष तुकडे आधीच फोडून घेतात. काचेवर पारदर्शक संरक्षक पापुद्रा चिकटवल्यास फुटल्यावर कण विखुरत नाहीत.

दरवाजा बाहेर उघडणारा असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य मानले जाते. आत कोणी भोवळ येऊन पडल्यास आतल्या बाजूस उघडणारा दरवाजा त्या व्यक्तीच्या शरीरानेच अडतो.

देखभाल

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील क्षार काचेवर पांढरे डाग सोडतात. अंघोळीनंतर रबरी पुसणीने काच निथळून घेतल्यास हे डाग धरत नाहीत. तीव्र आम्लाने काच स्वच्छ करणे टाळतात, कारण त्याने दर्जा, ॲल्युमिनियम आणि संगमरवर खराब होतात. बिजागऱ्यांचे स्क्रू, रबरी पट्ट्या आणि सिलिकॉनचे सांधे वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, तपासले जातात. काळे पडलेले सिलिकॉन वरून पुन्हा न लावता पूर्ण काढून नव्याने भरावे लागते. पूर्वी सुरळीत चालणारा दरवाजा अचानक घासू लागल्यास प्रथम बिजागरी व गिट्टी आणि त्यानंतर भिंतीतील चिरा पाहतात.

पर्याय

भिंत फारच असमान किंवा कमकुवत असेल, तर दरवाजा न लावणे हा योग्य निर्णय ठरू शकतो. दांडीवरचा पडदा कोणत्याही भिंतीशी जुळतो व अल्प खर्चात बदलता येतो. दरवाजा नसलेली एकच स्थिर काच उभारल्यास फक्त एका भिंतीचा कल सांभाळावा लागतो आणि बिजागऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. जेथे अंघोळ अजूनही बादलीने केली जाते, तेथे विटांचा कमरेएवढा आडोसा आणि नीट दिलेला उतार एवढ्यानेही कोरडी जागा कोरडी राहते.

हे सुद्धा पहा

• न्हाणीघर
• काच
• ओळंबा
• जांभा दगड
• गिलावा
• पेण
• रोहा